रिकामी यादी

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. ती इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, सध्या जावा शिकतेय. एवढ्या रात्री फोन म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला होता. पण निघाला तो हा प्रश्न:

"मावशी, समज माझ्याकडे एक यादी आहे. ती पूर्ण रिकामी करायचीय. तर नुसतं 'क्लिअर' म्हणू, की नवी कोरी यादी घेऊन तिलाच जुनं नाव देऊन टाकू? मी दोन्ही करून बघितलं. दोन्ही वेळेला मोजणी शून्यच येते. मग फरक काय?"

"काही फरक नाही गं, कसंही कर," असं म्हणून फोन ठेवायचा मोह झाला होता. झोपही आली होती. पण जीभ अडखळली. कारण "कसंही कर" हे उत्तर मी एकदा देऊन बसले होते. तोंडी नाही, प्रोग्रॅममध्ये. आणि त्यापायी एका कारखान्यातल्या ११२ माणसांच्या पगाराच्या चिठ्ठीवर ओव्हरटाइमसमोर शून्य छापून आलं होतं.

तिला त्या रात्री सगळं सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. घरातल्या ज्या मंडळींचा प्रोग्रॅमिंगशी काही संबंध नाही, त्यांनीही वाचायला हरकत नाही. गोष्ट शेवटी यादीचीच आहे, आणि याद्या काय, आपण सगळेच करतो.

तर आधी थोडं मागे जाऊ.

१९५७ साली आयबीएमने आपल्या ७०४ ह्या यंत्रासाठी फोरट्रान ही भाषा बाहेर काढली. जॉन बॅकस आणि त्याच्या सहकाऱ्यांचं ते काम. फोरट्रानमध्ये आकड्यांची रांग ठेवता यायची, पण ती किती लांब हे सुरुवातीलाच सांगावं लागे. आपल्या मसाल्याच्या डब्यासारखं. डब्यात सात वाट्या असतात. आठवा मसाला आणलात तर त्याने कुठे जायचं हा तुमचा प्रश्न. शंभर कप्पे मागितले की शंभर मिळाले, मग त्यातले पाचच वापरा नाहीतर शंभर वापरा.

अशा रांगेत 'रिकामं करणं' ही क्रियाच मुळात नसते. कप्पे कुठे जात नाहीत, त्यात काही ना काही असतंच. मग लोक काय करायचे? शेजारी एक वेगळा आकडा ठेवायचे: 'सध्या यातले किती कप्पे खरे धरायचे?' रांग रिकामी करायची झाली की तो आकडा शून्य करायचा, झालं. जुनी मूल्यं तिथेच पडून असतात. आपण त्यांच्याकडे बघणं सोडलेलं असतं, एवढंच. पुढच्या खेपेला त्यांच्यावरच नवीन लिहिलं जातं.

ही युक्ती लक्षात ठेवा, कारण ती पुढे पुन्हा भेटणार आहे. आणि ती फक्त याद्यांपुरती नाही. ज्यांनी डॉसच्या काळात कॉम्प्युटर वापरलाय त्यांना आठवत असेल, चुकून पुसलेली फाईल परत आणता यायची. पीटर नॉर्टनचं नाव त्यामुळेच झालं, १९८२ पासून. ते शक्य व्हायचं कारण डॉस फाईल पुसायचाच नाही. तिच्या नावाचं पहिलं अक्षर बदलून तिथे 'ही गेलेली समजा' अशी खूण करायचा आणि तिची जागा मोकळी धरायचा. नवीन काही त्या जागेवर येईपर्यंत जुना मजकूर शाबूत. म्हणजे 'पुसलं' हा पुष्कळदा आपला समज असतो.

आता दुसरा धागा. फोरट्रान येत होतं त्याच सुमाराला अमेरिकेत तिघेजण एका वेगळ्याच उद्योगात होते: अॅलन न्यूवेल, क्लिफ शॉ आणि हर्बर्ट सायमन. त्यांना यंत्राकडून तर्कशास्त्रातले सिद्धांत सिद्ध करून घ्यायचे होते. १९५६ साली त्यांचा 'लॉजिक थिअरिस्ट' हा प्रोग्रॅम रँड संस्थेच्या जॉनिअॅक यंत्रावर चालला. व्हाइटहेड आणि रसेल यांच्या 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका'च्या दुसऱ्या प्रकरणातल्या पहिल्या ५२ सिद्धांतांपैकी ३८ त्याने सिद्ध केले.

ह्या कामात अडचण अशी, की सिद्धतेला किती पायऱ्या लागतील हे आधी कुणाला माहीत? सात वाट्यांचा डबा इथे कामाचा नाही. म्हणून त्यांनी माळ ओवली. प्रत्येक मण्यात दोन गोष्टी: स्वतःचा मजकूर, आणि पुढचा मणी कुठे आहे त्याचा पत्ता. मणी स्मृतीत कुठेही विखुरलेले असोत, पत्ते धरून चालत गेलं की यादी पुरी होते. वाढवायची तर आणखी एक मणी ओवायचा. पाहिजे तशी लांब होणारी यादी अशी जन्माला आली.

आणि तिच्याबरोबरच रिकामं करण्याचा प्रश्न जन्माला आला. वापरात नसलेल्या मण्यांची एक वेगळी माळ असायची, मोकळ्या मण्यांची. नवा मणी तिथून काढून घ्यायचा, काम झालं की तिथेच परत करायचा. ही परतफेड प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आठवणीने करायची. विसरलात तर मोकळे मणी संपत जाणार आणि यंत्र एक दिवस हात वर करणार. पण घाई केलीत तर त्याहून वाईट. दोन याद्यांचं शेपूट सामाईक असू शकतं. तुम्ही आपली यादी संपली म्हणून मणी परत केलेत, आणि दुसरी यादी अजून त्याच मण्यांवर उभी असली तर? तिला पत्ताही लागत नाही की आपल्या पायाखालची फरशी कुणीतरी काढून नेली.

माझ्या मते ह्या सगळ्या इतिहासाचं मूळ इथे आहे. यादी रिकामी करणं अवघड नाही. ती आणखी कुणी धरून ठेवली आहे का, हे कळणं अवघड आहे.

ह्या प्रश्नाला १९६० साली दोन उत्तरं मिळाली.

पहिलं जॉन मॅकार्थीचं. एमआयटीमध्ये त्याने लिस्प ही भाषा तयार केली, त्याच आयबीएम ७०४ वर. लिस्प हे नावच यादीवरून आलेलं, आणि भाषेत बहुतेक सगळं म्हणजे यादी. मॅकार्थीने ठरवलं की परतफेडीची कटकट माणसाच्या गळ्यात नकोच. मणी वापरा आणि सोडून द्या. मोकळे मणी संपले की यंत्र स्वतःच थांबेल, सध्या वापरात असलेल्या नावांपासून सुरुवात करून जिथे जिथे पोचता येतं त्या प्रत्येक मण्यावर खूण करेल, आणि ज्यांच्यावर खूण नाही ते सगळे झाडून परत घेईल. मणी कुणाचा, ह्याला मॅकार्थीचं उत्तर सरळ आहे: ज्याच्यापर्यंत कुणीच पोचू शकत नाही तो कुणाचाच नाही.

ह्या झाडलोटीला त्याच्या गटात 'गार्बेज कलेक्शन' म्हणत. कचरा गोळा करणं. पण १९६० च्या शोधनिबंधात हा शब्द नाही. आपली तो छापायची हिंमत झाली नाही, असं मॅकार्थीने नंतर स्वतःच हसत लिहून ठेवलंय.

ह्याच मॅकार्थीने सांगितलेली फजिती मला फार आवडते. लिस्पचं सुरुवातीचं एक प्रात्यक्षिक उद्योगजगतातल्या पाहुण्यांसमोर होतं, टीव्हीच्या पडद्यावर. ऐन रंगात यंत्राची जागा संपली. मग टंकयंत्र सेकंदाला दहा अक्षरं अशा संथ गतीने टाइप करायला लागलं: कचरा गोळा करणाऱ्याला बोलावलं आहे, त्याची काही रंजक आकडेवारी पुढीलप्रमाणे... आणि आकडे येतच राहिले. पाहुण्यांना ह्या कचरेवाल्याबद्दल कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. सभागृहात हशा पिकला. कुणीतरी ह्यांची चेष्टा केली असावी, असंच काहींना वाटलं. प्रात्यक्षिकाची वेळ त्यातच गेली.

दुसरं उत्तर त्याच वर्षीच्या डिसेंबरात जॉर्ज कॉलिन्सने दिलं. त्याच्या लेखाच्या शीर्षकातच 'याद्या पुसणे' हे शब्द आहेत. त्याची पद्धत अशी: प्रत्येक सामाईक वस्तूवर 'मला किती जणांनी धरलंय' हा आकडा लिहून ठेवायचा. कुणी धरलं की एक वाढवा, सोडलं की एक कमी करा. शून्य झाला की परत घ्या. वाचनालयातल्या पुस्तकामागच्या कार्डासारखं. आजचं पायथन मुख्यतः ह्याच पद्धतीवर चालतं, आणि जावा मॅकार्थीच्या वळणाने जाते. म्हणजे माझी भाची आज जे शिकतेय त्याचा अर्धा भाग तिच्या आजीच्या शाळेच्या दिवसांतला आहे.

मधल्या काळात सी आली, १९७० च्या दशकात. तिने पुन्हा सगळी जबाबदारी माणसाकडे दिली. जागा मागा, वापरा, परत करा. विसरलात तर तुमचं नशीब. तिच्यातून निघालेल्या सी प्लस प्लसमध्ये अलेक्झांडर स्टेपानोव्ह आणि मेंग ली यांनी तयार वस्तूंचा एक संच आणला. तो १९९४ मध्ये स्वीकारला गेला आणि १९९८ च्या पहिल्या प्रमाण आवृत्तीत आला. त्यात 'व्हेक्टर' होता. ही माळ नव्हे, पुन्हा मसाल्याचा डबाच, पण जादूचा. भरला की आतल्या आत मोठा डबा घेतो, जुनं सगळं त्यात ओततो आणि आधीचा फेकून देतो. वापरणाऱ्याला काही कळत नाही.

ह्या व्हेक्टरला 'क्लिअर' म्हटलं की आतल्या वस्तू जातात, डबा मात्र मोठाच राहतो. दहा लाख वस्तूंसाठी वाढलेला डबा रिकामा झाला तरी जागा दहा लाखांचीच अडवून बसतो. लग्नाच्या पंक्तीसाठी आणलेली पातेली लग्नानंतर माळ्यावर जाऊन बसतात, तसं. ती जागा खरोखर परत हवी असेल तर लोक एक गंमत करायचे: एक नवा रिकामा व्हेक्टर घ्यायचा आणि दोघांची अदलाबदल करायची. मोठा डबा त्या तात्पुरत्या व्हेक्टरच्या पदरात, आणि तो संपला की डबाही संपला. 'डबा आटोपता घ्या' अशी विनंती करायची सरळ सोय भाषेत यायला २०११ साल उजाडलं. आणि तीही विनंतीच, हुकूम नाही.

आता जावा. १९९६ च्या पहिल्या आवृत्तीत जावाकडेही व्हेक्टर होता, आणि तो रिकामा करायच्या आज्ञेचं नाव होतं 'रिमूव्ह ऑल एलिमेंट्स'. लांबलचक, पण अर्थ चोख. मग डिसेंबर १९९८ मध्ये जावाची १.२ आवृत्ती आली. तिच्यात जोशुआ ब्लॉकने रचलेली संग्रहांची नवी चौकट होती. अॅरेलिस्ट त्यातलाच. तिथे नाव आटोपशीर झालं: क्लिअर.

आतमध्ये क्लिअर काय करतं? दोनच गोष्टी. एक, प्रत्येक कप्प्यात जे कशाचं नाव-पत्ता धरलेलं आहे ते सोडून तिथे 'नल', म्हणजे 'काही नाही', लिहायचं. दोन, मोजणीचा आकडा शून्य करायचा. डबा आहे तेवढाच ठेवायचा.

फोरट्रानच्या काळातली ती 'आकडा शून्य करा' युक्ती आठवली? तीच ही. मग जावाला एकेका कप्प्यात नल लिहायची उठाठेव कशाला? तर मॅकार्थीच्या झाडूसाठी. कप्प्यात पत्ता तसाच राहिला तर झाडूवाल्याला वाटणार, ही वस्तू कुणीतरी धरलीय, हिला हात लावायचा नाही. तुमच्या दृष्टीने यादी रिकामी, त्याच्या दृष्टीने भरलेली. ब्लॉकने २००१ च्या आपल्या 'इफेक्टिव्ह जावा' ह्या पुस्तकात नेमकं ह्याच मुद्द्यावर एक कलम लिहिलंय: कामातून गेलेल्या वस्तू धरून ठेवू नका.

गंमत म्हणजे पायथनमध्ये यादीला 'क्लिअर' हा शब्दच बराच काळ नव्हता. भाषा १९९१ ची, शब्द आला २०१२ मध्ये, ३.३ आवृत्तीत. तोवर लोक 'यादीचा पहिल्यापासून शेवटपर्यंतचा तुकडा काढून टाक' अशा अर्थाची आडवळणाची खूण लिहीत. काम व्हायचं, पण नवशिक्याला बघून कळायचं नाही.

इतका सगळा खटाटोप झालेला असताना नवशिके काय करतात? क्लिअर न म्हणता एकेक वस्तू स्वतःच्या हाताने काढायला जातात. मीही केलंय. पहिल्यापासून शेवटपर्यंत चक्र फिरवायचं आणि येईल ती वस्तू काढायची. वाटतं, ह्यात काय चुकणार?

समजा यादीत चार अक्षरं आहेत: अ, आ, इ, ई. पहिल्या जागेवरचा अ काढला. लगेच बाकीचे एकेक पाऊल पुढे सरकले, तिकिटाच्या रांगेत सरकतात तसे. आता पहिल्या जागेवर आ आहे. पण आपण तर दुसऱ्या जागेकडे गेलो! तिथे इ आहे, तो काढला. पुन्हा सगळे सरकले. आपण तिसऱ्या जागेकडे गेलो, तर तिथे कुणीच नाही. संपलं. यादीत आ आणि ई शिल्लक. एक सोडून एक माणूस वाचला. जावात हे करून बघा, प्रोग्रॅम चकार शब्द बोलत नाही. २००४ मध्ये जावा ५ बरोबर 'प्रत्येक वस्तूसाठी' म्हणणारं जे सोपं चक्र आलं, त्यात असं केलं तर मात्र तो बहुतेक वेळा चिडून थांबतो: मी मोजत असताना रांगेत हात घालू नका!

शेवटाकडून सुरुवातीकडे आलं की हा घोटाळा होत नाही. कुणी सरकतच नाही, कारण काढलेल्याच्या मागे कुणी नसतं. श्रमही वाचतात. हजार वस्तू पुढून एकेक काढल्या तर एकूण ४,९९,५०० वेळा कुणीतरी सरकतं. मागून काढल्या तर एकदाही नाही. (वहीवर ९९९ अधिक ९९८ अधिक ९९७ असं करून बघा.)

आता माझ्या पापाकडे येते.

साल २००२. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतला एक छोटा कारखाना. पगाराचं काम हाताने चालायचं, ते कॉम्प्युटरवर आणायचं होतं, आणि प्रोग्रॅम लिहायला मी. नवीन होते, अंगात उत्साह होता. कुठेतरी वाचलं होतं की जावात सारख्या नव्या वस्तू तयार करणं महाग पडतं, जुनीच परत वापरावी. म्हणून मी ओव्हरटाइमच्या तासांसाठी एकच यादी घेतली. कामगार घ्यायचा, यादी क्लिअर करायची, त्याचे तास भरायचे, आणि ती यादी त्याच्या बिल्ला क्रमांकापुढे ठेवून द्यायची. मग पुढचा कामगार. पुन्हा क्लिअर. सगळे झाले की चिठ्ठ्या छापायच्या. मोठा डबा तसाच राहतो, पुन्हा भरतो, किती काटकसर! मला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं.

तुमच्या लक्षात आलं असेल. मी प्रत्येकापुढे यादी ठेवत नव्हते, यादीचा पत्ता ठेवत होते. ११२ जणांपुढे ११२ पत्ते, आणि सगळे एकाच यादीचे. मी क्लिअर म्हणायचे तेव्हा फक्त 'माझी' यादी रिकामी व्हायची नाही, आधीच्या सगळ्यांची व्हायची. शेवटी सगळ्यांच्या नावापुढे एकच यादी उरली, सगळ्यात शेवटच्या माणसाची. बिल्ला क्रमांक ११२. आणि तो महिनाभर कावीळ होऊन घरी होता. त्याचा ओव्हरटाइम शून्य.

चाचणी केली होती की! तीन खोटे कामगार घेऊन. तिघांना मी आळसाने सारखेच आठ तास दिले होते. तिघांच्याही चिठ्ठीवर आठ आले. मी म्हटलं, बरोबर.

सात तारखेला पगार झाला. त्या महिन्यात मोठी ऑर्डर होती, लोक रविवारीसुद्धा कामावर आले होते. १९४८ च्या कारखाना कायद्याप्रमाणे तेव्हा ओव्हरटाइमला दुप्पट दर होता, त्यामुळे त्या आकड्यावर कुणाची फी, कुणाचा हप्ता ठरलेला. खिडकीपाशी गर्दी जमली. आरडाओरडा झाला नाही, झाला असता तर बरं वाटलं असतं. एक वयस्कर गृहस्थ चिठ्ठी माझ्यासमोर धरून शांतपणे म्हणाले, "बाई, मशीन म्हणतंय मी रविवारी आलोच नाही. मग माझं कार्ड पंच कुणी केलं?"

मला उत्तर देता आलं नाही. चूक कुठे आहे तेही तेव्हा ठाऊक नव्हतं. उलट मी आतून यंत्राचीच बाजू घेत होते, म्हणजे माझी.

वाचवलं ते हिशेबनीस काकांनी. त्यांनी हजेरीची पंच केलेली कार्डं गठ्ठे बांधून कपाटात ठेवलेली होती. कॉम्प्युटर आला म्हणून ती टाकून देऊ नका, असं त्यांनीच मालकांना सांगितलं होतं. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी बसून ११२ जणांचे तास हाताने मोजले. तिसऱ्या दिवशी फरकाची रक्कम वाटली. मोजता मोजता मी एक आकडा चुकले आणि खोडरबर मागितला. काका म्हणाले, "हिशेबात खोडायचं नसतं. एक रेघ मारायची, वरती बरोबर आकडा लिहायचा, बाजूला सही करायची. चूक काय होती ते दिसलं पाहिजे."

प्रोग्रॅममधली दुरुस्ती एका ओळीची होती. क्लिअरच्या जागी, प्रत्येक कामगारासाठी नवी यादी. जी ओळ वाचवून मी काटकसर केली होती, तीच.

काकांचं ते वाक्य मला बऱ्याच वर्षांनी एका अनपेक्षित ठिकाणी भेटलं, गणिताच्या इतिहासात. आपल्याकडे जुन्या काळी अंकगणिताला पाटीगणित म्हणत, धूलिकर्मही म्हणत, कारण हिशेब पाटीवर धूळ पसरून त्यात करायचे. गुणाकार करताना आधीचा अंक बोटाने पुसायचा आणि तिथेच नवा लिहायचा. पंतोजींच्या शाळेतली आपली धुळाक्षरंही त्याच घराण्यातली. धूळ स्वस्त, जागा थोडी, पुसणं सोपं. माझी ओव्हरटाइमची यादी म्हणजे दुसरं काय होतं? धूळपाटीच. एकच पाटी, पुसा आणि पुन्हा लिहा.

हे भारतीय गणित अरब जगात गेलं, आणि तिथे दमास्कसमध्ये ९५२-५३ च्या सुमाराला अबुल हसन अल-उक्लिदिसी नावाच्या गणितज्ञाने त्यावर एक पुस्तक लिहिलं. भारतीय अंकगणितावरचा उपलब्ध असलेला हा सगळ्यात जुना अरबी ग्रंथ. त्याने भारतीय रीत शिकवली, पण धूळपाटी नको म्हणाला. सारखं पुसावं लागतं, सरकवावं लागतं, आणि रस्त्यावर बसणारे ज्योतिषी ती वापरतात म्हणून भल्या माणसाला तिची लाजही वाटते, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्याने त्याच रीती शाईने कागदावर, काही न पुसता करता येतील अशा बदलून दाखवल्या. कागदावर केलेल्या गणितात मधल्या पायऱ्या शिल्लक राहतात, मागे जाऊन चूक शोधता येते. धुळीत उरतं ते फक्त शेवटचं उत्तर. माझ्याकडेही तेच उरलं होतं, एकट्या ११२ नंबरचं.

ह्याचा अर्थ पुसूच नये असा नाही हं. पुसलं नाही तर जागा संपते, मॅकार्थीच्या पाहुण्यांसमोर संपली तशी. आणि क्लिअर मुळात वाईट नाही. उलट यादी जाणूनबुजून चारचौघांची असेल, समजा एका खिडकीत दाखवायची यादी तीन ठिकाणांहून वाचली जातेय, तर क्लिअरच बरोबर. तिथे नवी यादी घेऊन जुनं नाव दिलंत तर तुमच्याकडे कोरी यादी, आणि बाकी दोघे अजून जुनीच बघत बसलेले. म्हणजे माझ्या चुकीची बरोबर उलटी चूक.

तर भाचीला मी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला आणि एवढंच सांगितलं. क्लिअर म्हणजे डबा घासून रिकामा करणं. ज्याच्या ज्याच्या हातात तो डबा आहे, त्या सगळ्यांसाठी तो रिकामा. नवी यादी म्हणजे नवा डबा घेणं. जुन्या डब्यातलं जुन्या डब्यात, तो ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठी जसाच्या तसा. मोजणी दोन्हीकडे शून्यच येणार, कारण मोजतेयस तू, तुझ्या हातातला डबा. फरक बघायचा असेल तर रिकामं करायच्या आधी ती यादी आणखी एका नावाने धरून ठेव, मग दोन्ही प्रकार कर, आणि त्या दुसऱ्या नावाला विचार.

"आणि चाचणी घेताना सगळ्यांना सारखे आकडे देऊ नकोस," मी म्हटलं.

"हे कुठून आलं मध्येच?"

"आहे एक गोष्ट. लिहिते, मग वाच."

अर्ध्या तासाने तिचा निरोप आला. तिने करून बघितलं होतं. एकीकडे दुसरं नावही रिकामं झालं, दुसरीकडे तिथे सगळं जागच्या जागी होतं. खाली लिहिलं होतं, "मावशी, कळलं. पण परीक्षेत दोन मार्कांना विचारतात गं. एवढं सगळं कुठे लिहू?" :-)

दोन मार्कांपुरतं लिही, म्हटलं. बाकीचं नोकरी लागल्यावर उपयोगी पडेल.